प्रस्तरारोहण

प्रस्तरारोहण किंवा रॉक क्लायंबिंग म्हणजे उभ्या अथवा अतितीव्र उताराच्या कातळावर हातापायांचे बळ, संतुलन आणि तंत्र यांच्या आधारे चढून जाण्याचा साहसी क्रीडाप्रकार होय. पदभ्रमणात हातांना फारसे काम नसते. ज्या ठिकाणी हातांचा आधार घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि पाय सुटल्यास गंभीर इजा किंवा मृत्यू संभवतो, तेथे प्रस्तरारोहण सुरू होते. मोठ्या पर्वतांवरील गिर्यारोहणाचे ते एक अंग आहे, तसेच तो एक स्वतंत्र खेळही आहे. हिम, विरळ हवा आणि दीर्घ मोहीम यांच्याशी या खेळाचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. दहा-बारा फूट उंचीच्या एका धोंड्यावरही तो खेळता येतो.

प्रस्तरारोहणात दोराच्या साहाय्याने वर चढतात, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बहुतेक प्रकारांत दोर चढण्यासाठी वापरला जात नाही. आरोहक कातळालाच धरून चढतो. दोर असतो तो पडल्यास त्याला झेलण्यासाठी. या खेळाचे निरनिराळे प्रकार, त्यातील साधने आणि त्यातील वाद हे सर्व याच एका प्रश्नाभोवती फिरतात: पडण्याचा धोका कोणत्या मार्गाने आणि किती प्रमाणात कमी करावयाचा?

इतिहास

शिकार, मध, पक्ष्यांची अंडी, औषधी वनस्पती किंवा युद्ध यांसाठी माणूस प्राचीन काळापासून कडे चढत आला आहे. केवळ चढण्याच्या आनंदासाठी कातळावर चढण्याची प्रथा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा लेक डिस्ट्रिक्ट, जर्मनीतील सॅक्सनीचा वालुकाश्मी प्रदेश आणि इटलीतील डोलोमाइट पर्वत येथे रुजली. १८८६ मध्ये वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील नेप्स नीडल हा सुळका एकट्याने सर केला. इंग्लंडमधील प्रस्तरारोहणाचा आरंभ या घटनेपासून मानण्याची पद्धत आहे.

साधने वाढू लागताच त्यांच्या वापराविषयी वाद सुरू झाला. ऑस्ट्रियाचे पॉल प्रॉइस यांनी १९११ मध्ये असे मत मांडले की, जो कडा आरोहकाला साधनांविना उतरता येत नाही, तो त्याने चढूही नये. लोखंडी मेख हा केवळ आणीबाणीचा उपाय आहे. या मतावरून जर्मन भाषिक आरोहकांमध्ये मोठी लेखी चर्चा झडली. प्रॉइस स्वतः १९१३ मध्ये एकट्याने चढत असताना पडून मृत्यू पावले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही.

तागासारख्या नैसर्गिक धाग्यांचे दोर वापरात होते तोवर आघाडीच्या आरोहकाने पडावयाचे नाही, हाच मुख्य नियम होता. हे दोर फारसे ताणले जात नसत आणि मोठ्या झटक्याने तुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आतील गाभा आणि बाहेरील विणलेले आवरण अशी रचना असलेला ‘कर्नमॅन्टल’ दोर तयार केला. आता पडणे ही जिवावर बेतणारीच गोष्ट राहिली नाही. पडून पुन्हा प्रयत्न करता येऊ लागल्यामुळे चढाईची काठिण्यपातळी झपाट्याने उंचावली.

अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यातील सुमारे ९०० मीटर उंचीचा एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा या बदलाचा साक्षीदार आहे. त्यावरील ‘नोज’ ही वाट वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर यांनी १२ नोव्हेंबर १९५८ रोजी पूर्ण केली. त्या मोहिमेत टप्प्याटप्प्याने मिळून ४५ दिवस कड्यावर गेले होते आणि मेखा व बोल्ट यांचा सढळ वापर झाला होता. तीच वाट लिन हिल यांनी १९९३ मध्ये साधनांवर भार न टाकता, केवळ हातापायांनी चढून दाखवली. तोपर्यंत कोणालाही, स्त्री वा पुरुष, हे जमले नव्हते. पुढील वर्षी त्यांनी ती २४ तासांच्या आत चढली.

चढाईचे प्रकार

‘फ्री क्लायंबिंग’ या संज्ञेने नवख्या वाचकाचा हमखास गोंधळ होतो. तिचा अर्थ दोराविना चढणे असा नाही. या पद्धतीत दोर आणि इतर सुरक्षासाधने सोबत असतात, परंतु वर सरकण्यासाठी त्यांवर भार टाकला जात नाही. याउलट ‘एड क्लायंबिंग’ किंवा साहाय्यित चढाईत आरोहक कातळात ठोकलेल्या वा अडकवलेल्या साधनाला पट्टीची छोटी शिडी लावतो, तिच्यात पाय ठेवून उभा राहतो आणि पुढील साधन बसवतो. ही पद्धत संथ व कष्टाची आहे, पण जेथे बोट अडकवण्याइतकीही खाच नाही तेथे तीच उपयोगी पडते.

फ्री क्लायंबिंगचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पारंपरिक चढाईत, म्हणजे ‘ट्रॅड’मध्ये, आघाडीचा आरोहक चढता चढता कातळातील नैसर्गिक भेगांत नट, कॅम यांसारखी काढता येणारी साधने बसवत जातो आणि त्यांतून आपला दोर ओवतो. मागून येणारा साथीदार ती काढून घेतो. साधन कोठे व कसे बसवावे याचा निर्णय थकलेल्या हातांनी, एका हाताने कातळ धरून घ्यावा लागतो. त्यामुळे या प्रकारात शारीरिक ताकदीइतकेच अनुभवाला महत्त्व आहे. स्पोर्ट क्लायंबिंगमध्ये मार्गावर ठरावीक अंतरावर बोल्ट आधीच कायमचे बसवलेले असतात. आरोहकाला केवळ क्विकड्रॉ अडकवून त्यात दोर टाकावयाचा असतो. धोका कमी झाल्याने सारे लक्ष हालचालींच्या अवघडपणावर केंद्रित करता येते. जर्मनीतील फ्रँकनयुरा भागात कुर्ट आल्बर्ट यांनी १९७० च्या दशकात, जी वाट न पडता व साधनांवर न विसावता चढता येईल तिच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवण्यास आरंभ केला. ‘रेडपॉइंट’ ही आज जगभर रूढ असलेली संज्ञा त्यातूनच आली.

बोल्डरिंगमध्ये दोर नसतोच. साधारणतः चार-पाच मीटरपर्यंतच्या धोंड्यांवर अल्प पण अत्यंत अवघड हालचाली केल्या जातात. खाली क्रॅश पॅड नावाची जाड गादी असते आणि साथीदार पडणाऱ्याला योग्य दिशा देण्यासाठी हात पसरून उभे राहतात. फ्रान्समधील फाँतेनब्लो हे या प्रकाराचे सर्वांत जुने केंद्र समजले जाते. भारतात कर्नाटकातील हम्पीचे ग्रॅनाइटचे गोटे यासाठी जगभरच्या आरोहकांना ठाऊक आहेत.

नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य प्रकार म्हणजे ‘टॉप रोप’. यात दोर आधीच कड्याच्या माथ्यावरील भक्कम अँकरमधून ओवलेला असतो. आरोहक पडला तरी दोराच्या ताणाइतकाच, म्हणजे बहुधा काही फूटच, खाली येतो.

दोर आणि साथीदार यांवाचून उंच कडा चढणे याला ‘फ्री सोलो’ म्हणतात. ३ जून २०१७ रोजी अॅलेक्स होनॉल्ड यांनी एल कॅपिटनवरील ‘फ्रीरायडर’ ही वाट अशा रीतीने ३ तास ५६ मिनिटांत चढली. ‘फ्री सोलो’ या ऑस्कर विजेत्या माहितीपटामुळे ही घटना सर्वदूर पोहोचली. तथापि होनॉल्ड यांनी त्याआधी तीच वाट दोर लावून अनेकदा चढून तिच्यातील अवघड हालचाली पाठ केल्या होत्या, ही बाब तिच्या अनुकरणाची इच्छा धरणाऱ्यांकडून सहसा दुर्लक्षिली जाते.

साधने

प्रस्तरारोहणाचा दोर लवचीक, म्हणजे ‘डायनॅमिक’, असावा लागतो. एकेरी वापराच्या दोराची जाडी साधारणतः ९ ते १० मिलिमीटर आणि लांबी ६० ते ७० मीटर असते. पडणाऱ्या शरीराची ऊर्जा दोर ताणून घेऊन शोषतो, त्यामुळे थांबतानाचा झटका सुसह्य होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा दोराने ८० किलो वजन किमान ५ वेळा कठोर चाचणीत झेलले पाहिजे आणि पहिल्या झेलात बसणारा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा अधिक असता कामा नये. उतरण्यासाठी, सामान ओढण्यासाठी व बचावकार्यासाठी वापरला जाणारा ‘स्टॅटिक’ दोर बाहेरून बराचसा तसाच दिसतो, पण तो फारसा ताणला जात नाही. त्यावर आघाडीची चढाई करणे प्राणघातक ठरू शकते, कारण दोर तुटला नाही तरी शरीराचे अवयव तो झटका सोसू शकत नाहीत. बाजारात ‘गिर्यारोहणाचा दोर’ म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू या कसोटीस उतरतेच असे नाही.

झटक्याची तीव्रता केवळ किती उंचीवरून पडले यावर ठरत नाही. पडण्याचे अंतर भागिले ते झेलण्यासाठी उपलब्ध असलेल्या दोराची लांबी, या गुणोत्तराला ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात. समजा, आघाडीचा आरोहक साथीदारापासून २० मीटर वर आहे आणि त्याचे शेवटचे साधन त्याच्या ५ मीटर खाली आहे. तो पडल्यास १० मीटर खाली येईल; झेलण्यास २० मीटर दोर आहे, म्हणून फॅक्टर ०.५ झाला. आता दुसरा प्रसंग असा: कड्याच्या मध्यावरील मुक्कामावरून निघून आरोहक अवघे ३ मीटर वर गेला आहे आणि त्याने अजून एकही साधन बसवलेले नाही. तो पडला तर साथीदाराच्याही ३ मीटर खाली, म्हणजे एकूण ६ मीटर पडेल आणि झेलण्यास ३ मीटरच दोर असेल. येथे फॅक्टर २, म्हणजे या पद्धतीत संभवणारा सर्वाधिक होय. पडण्याचे अंतर कमी असूनही हा झटका पहिल्यापेक्षा कितीतरी जबर असतो. मुक्काम सोडताच पहिले साधन लवकर बसवावे, या प्रशिक्षकांच्या आग्रहामागे हे साधे गणित आहे.

हार्नेस म्हणजे कंबर व मांड्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा जुडगा. पूर्वी दोर थेट कमरेला बांधत. तसे लोंबकळत राहिल्यास श्वास कोंडतो. कॅराबिनर ही फाटक असलेली धातूची कडी दोर, पट्टी व अँकर यांना जोडते. लांबीच्या दिशेने तिने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,००० किलो वजनाइतका भार पेलावा अशी अपेक्षा असते. फाटक उघडे राहिल्यास किंवा कडी आडवी फिरल्यास ही क्षमता निम्म्याहूनही कमी होते, म्हणून महत्त्वाच्या जागी फाटकाला कुलूप असलेली कडीच वापरतात.

कातळात बसवावयाच्या साधनांपैकी पिटॉन, म्हणजे हातोडीने ठोकावयाची पोलादी मेख, हे सर्वांत जुने. ती नीट बसत असता प्रत्येक घावागणिक तिचा नाद चढत जातो. बद्द आवाज आला तर मेख विश्वासाची नाही असे समजतात. परंतु वारंवार ठोकण्या-काढण्याने भेगा फाटतात. योसेमिटीत हे दिसून आल्यावर स्वतः पिटॉन बनवून विकणाऱ्या इव्हॉन शुनार यांनी १९७२ मध्ये आपल्या सूचिपत्रातून हातोडीविना बसणाऱ्या नटांचा पुरस्कार केला. व्यवसायाचा मुख्य आधार असलेल्या मालाविरुद्ध त्याच्या निर्मात्यानेच भूमिका घ्यावी, असे प्रसंग विरळाच. पुढे रे जार्डिन यांनी स्प्रिंगच्या दाबाने भेगेत फाकून बसणारा कॅम विकसित केला. १९७८ मध्ये ‘फ्रेंड’ या नावाने तो बाजारात आला आणि समांतर कडांच्या भेगाही सुरक्षितपणे चढता येऊ लागल्या.

बुटांचा तळ मऊ, चिकट रबराचा व गुळगुळीत असतो आणि ते पायाला घट्ट बसतात. घामाने ओली झालेली बोटे कोरडी राखण्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी वापरतात. ही सवय १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकी गणितज्ञाने जिम्नॅस्टिक्समधून कातळावर आणली. हेल्मेट मुख्यतः वरून येणाऱ्या दगडांसाठी असते; पडताना डोके आपटण्यापासूनही ते वाचवते. ते चढणाऱ्याने घालावे हे सर्वांना पटते, मात्र दगड बहुधा खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या डोक्यावर येतो.

बिले आणि गाठी

साथीदाराने दोर सोडत वा आवळत राहणे आणि आरोहक पडताच तो रोखून धरणे या क्रियेला बिले म्हणतात. दोर एका लहान साधनातून वळवून घेतल्याने घर्षण निर्माण होते व एका हाताने मोठा भार थांबवता येतो. नळीच्या आकाराचे साधे साधन आणि झटका बसताच दोर आपोआप चिमटीत पकडणारे ग्रिग्रीसारखे साधन, असे यांचे दोन वर्ग आहेत. कोणतेही साधन असले तरी एक नियम अपरिवर्तनीय आहे: खालच्या बाजूच्या दोरावरील हात क्षणभरही सोडावयाचा नाही.

आरोहकाने हार्नेसला दोर बांधण्यासाठी आठाच्या आकाराची, परत ओवलेली गाठ वापरावी. ती बांधण्यास सोपी, सुटण्यास अवघड आणि दुसऱ्याला दुरूनही तपासता येण्याजोगी असते. अँकरला स्वतःला अडकवण्यासाठी क्लोव्ह हिच, दोन दोर जोडण्यासाठी डबल फिशरमन आणि दोरावर घट्ट बसून भार काढताच सरकणारी प्रुसिक या गाठी प्रत्येक शिकाऊ आरोहकाला डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत, असा प्रशिक्षण संस्थांचा दंडक असतो. चढाई सुरू करण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचे बक्कल, बिलेचे साधन व कडीचे कुलूप हाताने चाचपून पाहावयाचे असते. गप्पांच्या ओघात गाठ अर्धवट राहून गेल्याने अनुभवी आरोहकांनाही अपघात झाले आहेत; लिन हिल या १९८९ मध्ये फ्रान्समध्ये अशाच चुकीमुळे सुमारे २० मीटरवरून पडल्या आणि खालच्या झाडामुळे बचावल्या.

चढण्याची मूलतंत्रे

नवशिका हातांनी स्वतःला वर ओढू पाहतो आणि काही मिनिटांतच त्याचे बाहू भरून येतात. शरीराचे वजन पेलण्याचे काम पायांचे आहे. हात प्रामुख्याने तोल सांभाळण्यासाठी असतात. म्हणून नजर वरपेक्षा खाली अधिक असावी, पाय कोठे ठेवावयाचा ते आधी निश्चित करावे आणि एकदा ठेवलेला पाय चाळवू नये. हात सरळ ठेवून लोंबकळल्यास भार हाडांवर येतो. कोपरात वाकवून ठेवल्यास तो स्नायूंवर येतो व दमणूक लवकर होते.

आरंभीच्या शिक्षणात तीन बिंदूंचा नियम शिकवतात: दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावयाचा, उरलेले तीन स्थिर राहावयाचे. कठीण चढाईत हा नियम मोडावाच लागतो, पण सैल खडकावर आणि दमलेल्या अवस्थेत तो जीव वाचवतो.

लहानशा कंगोऱ्यावर बुटाची कड टेकून उभे राहणे याला एजिंग म्हणतात. जेथे कंगोराच नाही अशा तिरप्या कातळावर बुटाचा तळ सपाट दाबून केवळ घर्षणावर उभे राहतात. तेथे टाच खाली ठेवावी लागते, आणि भीतीमुळे शरीर कातळाला चिकटवले तर पाय घसरतो. कातळापासून किंचित दूर उभे राहिल्याने वजन तळव्यावर सरळ येते, ही गोष्ट नवशिक्याच्या बुद्धीला पटली तरी शरीराला पटण्यास वेळ लागतो. भेगेत बोटे, पंजा वा मूठ अडकवून ती फुगवून किंवा पिळून पकड घेणे म्हणजे जॅमिंग. भेगेची एक कड हातांनी ओढत समोरच्या भिंतीवर पाय रेटणे म्हणजे लेबॅक. शरीर आत मावेल इतक्या रुंद उभ्या फटीला चिमणी म्हणतात. तीत एका भिंतीला पाठ व दुसरीला पाय रेटून वर सरकतात. चिमणी दिसण्यास भीतिदायक असली तरी उंची न घाबरणाऱ्या नवशिक्याला ती अनेकदा उघड्या कातळापेक्षा सोपी जाते.

चढण्याइतकेच उतरणेही शिकावे लागते. दोरावर घर्षण साधन लावून घसरत उतरण्याला रॅपलिंग म्हणतात. महाराष्ट्रात पावसाळी सहलींत धबधब्याशेजारी करवल्या जाणाऱ्या रॅपलिंगलाच पुष्कळदा प्रस्तरारोहण म्हटले जाते. प्रत्यक्षात तो केवळ त्याचा शेवटचा टप्पा आहे, आणि तो सोपा वाटत असला तरी फसवा आहे, कारण त्यात संपूर्ण भार सर्व वेळ एका अँकरवर असतो. दोराच्या टोकांना गाठ मारून ठेवणे आणि बिले साधनाखाली प्रुसिकची पूरक गाठ लावणे या दोन खबरदाऱ्या टाळल्याने घडलेले अपघात जगभर नोंदले गेले आहेत.

काठिण्यश्रेणी

वाटेचा अवघडपणा दर्शवण्यासाठी देशोदेशी वेगवेगळ्या श्रेणी आहेत. अमेरिकेत ५.० पासून सुरू होणारी श्रेणी ५.१५ पर्यंत, तर फ्रेंच श्रेणी ९सी पर्यंत पोहोचली आहे. नॉर्वेमधील फ्लाटांगर येथील गुहेत अॅडम ओंड्रा यांनी २०१७ मध्ये चढलेली ‘सायलेन्स’ ही वाट जगातील पहिली ९सी मानली जाते. बोल्डरिंगसाठी ‘व्ही’ आणि फाँतेनब्लो या श्रेणी स्वतंत्र आहेत. श्रेणी मुख्यतः हालचालींचा अवघडपणा सांगते. खडक सैल आहे का, साधने किती अंतरावर बसतात, मदत पोहोचण्यास किती वेळ लागेल हे ती पुरेसे सांगत नाही. कृत्रिम भिंतीवर अवघड वाटा लीलया चढणारा आरोहक म्हणूनच डोंगरात सोप्या श्रेणीच्या वाटेवर अडखळू शकतो.

सह्याद्रीतील प्रस्तरारोहण

सह्याद्रीचा कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला बेसॉल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसल्यामुळे येथील कड्यांना आडवे टप्पे पडलेले दिसतात: उभा कातळ, त्यावर गवताळ पट्टा, पुन्हा कातळ. थरांच्या दरम्यान तांबूस, भुसभुशीत माती असते. ग्रॅनाइटसारख्या लांबच लांब अखंड भेगा येथे कमी आढळतात. दर पावसाळ्यात पाणी मुरून खडक सुटतो, त्यामुळे मागील वर्षी भक्कम असलेली खोबण यंदाही तशीच असेल याची खात्री नसते. भार टाकण्यापूर्वी मुठीने वा हातोडीने ठोकून पाहण्याची येथील सवय यातूनच आली आहे. पोकळ आवाज देणारी पकड टाळली जाते. मोसम साधारणतः पावसाळ्यानंतर, गवत वाळू लागल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो.

येथे कडे चढण्याची परंपरा किल्ल्यांशी निगडित आहे. गडावर छापा घालताना ‘माळ लावणे’, म्हणजे दोराची शिडी सोडणे, हा मराठी युद्धतंत्राचा भाग होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगड मोहिमेत मावळे रात्री कड्याच्या बाजूने चढले. घोरपडीला दोर बांधून चढल्याची कथा मात्र लोकपरंपरेतील आहे आणि तिला इतिहासकार आधार मानत नाहीत. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीची आख्यायिकाही याच परंपरेतील. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर ब्रिटिशांनी अनेक गडांच्या कोरीव पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. अलंग व मदन या जोडगडांवर जाताना आज जेथे दोर लावावा लागतो, तेथे एकेकाळी पायऱ्या होत्या.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई व पुणे येथील गिर्यारोहण संस्थांनी सह्याद्रीतील सुळके आणि कडे पद्धतशीरपणे चढण्यास सुरुवात केली. रायगड व तोरणा यांच्या दरम्यानचा लिंगाणा, जीवधनलगतचा वानरलिंगी किंवा खडा पारशी, रतनगडाजवळचा बाण, लोणावळा-खंडाळा परिसरातील नागफणी, तैलबैलाच्या जोड भिंती आणि हरिश्चंद्रगडाचा अंतर्वक्र कोकणकडा ही आरोहकांच्या परिचयाची नावे होत. मुंब्र्याचे डोंगर व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कातळ हे मुंबईकर आरोहकांचे जुने सरावक्षेत्र आहे. खडकाच्या स्वरूपामुळे येथे पारंपरिक व साहाय्यित चढाईचे मिश्रण दिसते: जेथे भेग मिळते तेथे मेख किंवा नट, जेथे मिळत नाही तेथे हातोडीच्या घावांनी भोक पाडून बसवलेला बोल्ट.

या बोल्टांवरून येथेही मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो की, सैल बेसॉल्टवर बोल्टाखेरीज सुरक्षितता नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते पूर्वी कमी साधनांत चढलेल्या सुळक्यावर नंतर बोल्टांची रांग उभी करणे म्हणजे तो सुळका आपल्या कुवतीपर्यंत खाली खेचणे होय. दक्षिण अमेरिकेतील सेरो तोरे शिखरावर १९७० मध्ये यंत्राने ठोकलेले शेकडो बोल्ट आणि त्यांतील अनेक २०१२ मध्ये दोघा तरुण आरोहकांनी काढून टाकणे, या प्रकरणात हाच वाद जागतिक पातळीवर गाजला. सह्याद्रीत त्याला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. उघड्यावर राहिलेला जुना बोल्ट पावसाळ्यांगणिक गंजतो, पण बाहेरून धड दिसतो. तो कोणी, केव्हा बसवला हे ठाऊक नसलेला नंतरचा आरोहक त्यावर निःशंकपणे आपला भार टाकतो. म्हणून जुन्या मेखा व बोल्ट तपासल्याशिवाय वापरू नयेत आणि शक्य तेथे स्वतंत्र साधनाची जोड द्यावी, असे जाणकार सांगतात.

कड्यांवरील आग्या मोहोळ हा येथील आणखी एक मोठा धोका आहे. दोरावर अडकलेल्या आरोहकाला माशांपासून पळता येत नाही. चढाईपूर्वी दुर्बिणीने कडा न्याहाळणे, मोहोळ असलेली वाट सोडून देणे, धूर, आरडाओरडा व उग्र सुगंधी द्रव्ये टाळणे हे नियम स्थानिक वाटाड्यांकडून पाळले जातात. कड्यांच्या कपारींत गिधाडे व ससाणे घरटी करतात. विणीच्या काळात त्या भागात चढाई न करणे अपेक्षित असते. माथ्यावरून माकडांनी लोटलेले दगड ही बाबही सह्याद्रीत हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

स्पर्धा आणि प्रशिक्षण

कृत्रिम भिंतींवरील स्पोर्ट क्लायंबिंगचा समावेश टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, प्रथमच झाला. तेव्हा लीड, बोल्डर आणि स्पीड हे तिन्ही प्रकार मिळून एकच पदक होते. परस्परांहून इतके भिन्न प्रकार एकत्र जोडण्यावर आरोहकांनी बरीच टीका केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पीडला स्वतंत्र स्थान मिळाले. स्पीडची भिंत जगभर एकसारखी, १५ मीटर उंच असते. इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्डो यांनी पॅरिसमधील अंतिम फेरीत ती ४.७५ सेकंदांत चढली. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेट यांनी दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांचे एकत्रित प्रकारातील सुवर्णपदक मिळवले.

भारतात दार्जिलिंग येथील १९५४ साली स्थापन झालेली हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग येथील मूलभूत अभ्यासक्रमात हिमचढाईबरोबर प्रस्तरारोहणही शिकवले जाते. महाराष्ट्रातील अनेक गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात काही दिवसांची प्रस्तरारोहण शिबिरे घेतात. अशा शिबिरात पहिले काही तास जमिनीवर गाठी बांधण्यात आणि बिले देण्यात जातात. कातळाला हात नंतर लागतो.